शेवटचा प्रश्न

मुलांची तपासणी करणाऱ्या मॅडमनी पान उलटलं, चष्मा नाकावर सारखा केला आणि पुढचा प्रश्न वाचला.

"शर्टाची बटणं स्वतः लावते?"

"नाही," आई म्हणाली.

हा तिचा अकरावा नकार. पहिले दोन-तीन अडखळत आले होते, पुढचे सुरळीत येऊ लागले. आता तर काही वाटेनासंच झालं होतं. दात काढताना भूल दिली की गाल आपला आहे की शेजाऱ्याचा ते कळत नाही, तशी ती बसली होती.

नऊ वर्षांची लेक कोपऱ्यात रंग जुळवून ठोकळे लावत होती. आवाज सहन होत नाहीत म्हणून कानांवर दिवसभर हेडफोन. घरी बाबा तिला घड्याळबाई म्हणायचे. साडेसातला निघायचं ठरलं असेल तर सात एकतीसला दारात रडारड, आणि आईनं एकदा काही सांगितलं की ते कायमचं.

वर्गात तिच्या शेजारी एक विशेष शिक्षिका बसत. पुढच्या वर्षी त्या किती तास मिळणार, हे दरवर्षी या खोलीत ठरायचं. गेल्या वर्षी आईनं पाहुण्यांना लेकीचं कौतुक सांगावं तशी उत्तरं दिली होती. हे येतं, तेही येतं. मॅडमनी प्रत्येक उत्तरापुढे खूण केली आणि तास निम्मे झाले. त्यानंतर लेक दोन महिने वर्गात बाकाखाली बसून होती. म्हणून या खेपेला शिक्षिकेनंच आईला बाजूला घेऊन बजावलं होतं, की कौतुक घरी ठेवून या, तिचा वाईटात वाईट दिवस आठवा आणि त्या दिवसाबद्दल बोला. आईला ते पटलं होतं.

"हा शेवटचा. बुटाची नाडी बांधते?"

आई थांबली. शिक्षिकेनं पुठ्ठ्याला भोकं पाडून, त्यात एक लाल आणि एक पिवळी दोरी ओवून आठ महिने शिकवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी लेकीनं दोन्ही नाड्या कुणी न सांगता बांधल्या. बाबांना त्या दिवशी कामावर उशीर झाला, नाड्यांकडे बघत बसले म्हणून.

"नाही."

मॅडमनी खूण केली. बाई वाईट नव्हती, कागदच तसा होता. यंदा तास पूर्ण मिळतील, असं त्यांनी हळूच सांगितलं. आईनं आभार मानले. आनंद व्हायला हवा होता, पण तो काही होईना.

बूट दाराबाहेर काढून ठेवले होते. लेक बाहेरच्या बाकावर बसली, पाय बुटांत घातले आणि समोर धरले.

"बांध की गं, बाबा खाली थांबलेत."

लेकीनं दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले.

"येत नाही."

"अगं, रोज बांधतेस ना?"

"येत नाही. तू सांगितलंस." आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. आज कोणता वार ते सांगावं, तशी ती बोलत होती. "केस येत नाहीत. दप्तर येत नाही. बटणं येत नाहीत. नाडी येत नाही."

हेडफोन तिच्या गळ्यात होते. ते कधी खाली आले, हे आईनं पाहिलंच नव्हतं.

मी खोटं बोलले, एवढंच सांगायचं होतं. आईनं तोंड उघडलं, तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि मॅडम फाईल छातीशी धरून बाहेर आल्या. लोंबत्या नाड्यांकडे त्यांनी पाहिलं, समजुतीनं मान हलवली आणि भिंतीला लागून वाट काढत पुढे गेल्या.

आई खाली बसली आणि तिनं नाडी बांधली.

"सैल आहे," लेक म्हणाली. हात मांड्यांखालीच होते.

आईनं गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.