शाळेत झालंच असेल

गेली अकरा वर्षं मी दहावीला गणित शिकवतो, असं शाळेच्या वेळापत्रकात लिहिलेलं आहे. खरं म्हणजे मी वर्गात जाऊन विचारतो, "हे क्लासमध्ये झालंय ना?" पोरं एका सुरात "हो सर" म्हणतात. मग मी चार गणितं सोडवायला देतो आणि खुर्चीत बसून मतदार याद्या तपासतो. पोरांनी बाहेर शिकावं, शाळेत डुलक्या घ्याव्यात, यात कोणाचंच काही अडत नव्हतं.

यंदा वाडीहून येणारी रोशनी वर्गात आली आणि अडलं. सगळे हो म्हणाले, ही उभी राहिली.

"मी क्लासले जात नाही, सर. आई म्हणते, मग शाळा काहून असते?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मला त्या माउलीचा रागच आला. पण शिकवणं भाग होतं. वर्तुळ काढलं, त्याला झकास स्पर्शिका काढली, छेदिका काढली, बिंदू जोडले आणि ठोकून दिलं की हे दोन त्रिकोण समरूप आहेत. रोशनीने विचारलं, काहून? पुस्तकात पाहिलं तर कारणाच्या जागी विद्यार्थ्यांनी भरायची रिकामी चौकट. उद्या सांगतो म्हणालो. पोरीने ते तारखेसकट वहीत लिहून घेतलं.

आता अब्रूचा प्रश्न होता. त्याच संध्याकाळी क्लासमध्ये हे प्रमेय आहे, हे मी पोरांकडून काढून घेतलं. क्लास धंतोलीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. दवाखान्यांच्या त्या भागात मास्क लावलेल्या माणसाकडे कोणी वळूनही पाहत नाही. मीही मास्क लावला आणि पालक आहे असं सांगून मागच्या बाकावर बसलो.

सुशील सर आले, कॉलरला माइक लावलेले. त्यांनी लाल पेनने सूत्र लिहिलं, त्याला चौकोन केला आणि म्हणाले, "सिद्धता शाळेत झालीच असेल."

"हो सर," माझीच एकोणीस पोरं म्हणाली.

माझं टाळकं सटकलं. उठून मास्क काढला. "झाली नाही. यांना शाळेत गणिताला मीच आहे आणि मी शिकवलेली नाही."

कोणी हसलंसुद्धा नाही. सुशील सरांनी मला खाली बसवलं आणि सूत्रावरची उदाहरणं उरकली. तास संपल्यावर जिन्यात मला गाठून हळूच विचारलं, "सर, त्या सिद्धतेत कारण काय येते हो? तुम्हाले तर माहीत असन."

आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी मी रोशनीला खरं सांगून टाकलं, की मलाही येत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, मग पाहू आपण. तीन दिवस मधल्या सुट्टीत आम्ही दोघं फळ्यापाशी वर्तुळं काढत बसलो. डबे खाता खाता आणखी सात-आठ पोरं जमली. तिसऱ्या दिवशी तिने एका कंसावरून बोट फिरवलं, थांबली आणि मला बाकावर बसायला सांगितलं. हे दोन्ही कोन याच कंसाचे अर्धे, ती म्हणाली, म्हणून सारखे. मग खडू ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"समजलं का, सर?"

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "परत एकदा सांग."