ऐकणाऱ्याची सही

"ओढा हो, ओढा! फुंकू नका!"

मावशी ओरडल्या, तशी चादरींच्या गठ्ठ्यावर बसलेल्या बॉयलरवाल्याने माउथ ऑर्गन तोंडातून काढला आणि सगळी चूक त्या बाजाचीच असल्यासारखं त्याच्याकडे रागाने पाहिलं. आडव्या अंगाच्या या माणसाला हॉस्पिटलच्या लाँड्रीत सगळे बंब म्हणत.

"ओढतोच आहे, मावशी. दुसऱ्या छिद्रातून काही येतच नाही!"

"गरम चहा भुरकल्यासारखं ओढलंत तर कसं येईल? झोपेत श्वास घेतो ना आपण, तसा घ्या."

बंबाने डोळे मिटले आणि ओढला. बारीक, थरथरता, पण शेजारच्या छिद्राची भेसळ नसलेला एकच एक सूर निघाला.

"आला! आला की हो!" रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने मांडीवर थाप मारली. मळक्या चादरींची यादी घेऊन आलेल्या बालविभागाच्या सिस्टर यादी विसरून टाळ्या वाजवायला लागल्या. बंबाला इतका आनंद झाला, की घाईघाईने त्याने पुन्हा ओढला आणि पुन्हा बिनसलं.

जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं उरली होती, आणि महिन्यातले बारा दिवस.

गेल्या आठवड्यात 'फुंकर'चा अंक आला होता. वर्षाला चार अंक, अंकाला बत्तीस पानं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत विषय एकच, माउथ ऑर्गन. या वेळी पहिल्याच पानावर संपादकांचं निवेदन होतं. वर्गणीदार एकशे चौऱ्याण्णव उरलेत. दोनशेच्या आत अंक काढायला छापखाना तयार नाही. महिनाअखेर दोनशे भरले नाहीत, तर हाच अंक शेवटचा समजावा.

मावशींनी ते उभ्याने वाचलं आणि मटकन खाली बसल्या.

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. वाजवायला शिकल्या त्या या अंकांवरून. वर बाण म्हणजे फुंकायचं, खाली बाण म्हणजे ओढायचं, शेजारी छिद्राचा आकडा. आणि शेवटच्या पानावर 'वाचक लिहितात'. गेली अकरा वर्षं त्या पानावर मावशींचं पत्र नाही असा अंक गेला नव्हता. लाँड्रीत त्या इस्त्रीवाल्या मावशी होत्या. त्या पानावर संपादक त्यांना 'आमच्या जाणत्या वाचक' म्हणत. न पाहिलेल्या गावचे एक निवृत्त स्टेशनमास्तर त्यांना विचारत, जिभेने छिद्रं झाकावीत तरी कशी? मावशी पुढच्या अंकात त्यांना ऐटीत समजावून सांगत. हे सगळं बंद व्हायचं म्हणजे मावशींनी नुसती इस्त्री करायची!

"सहाच तर हवेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मी आणते सहा."

पण 'फुंकर'ची वर्गणी नुसती भरून भागत नसे. फॉर्मवर दोन रकाने होते. पहिला, 'कोणती धून वाजवता'. दुसरा, 'ऐकणाऱ्याची सही', आणि ती जुन्या वर्गणीदाराचीच लागे. ज्याला वाजवता येत नाही त्याच्या घरी आमचा अंक रद्दीत जाणार, त्यापेक्षा न गेलेला बरा, असा संपादकांचा हट्ट.

"म्हणूनच बुडतंय," ड्रायव्हर म्हणाला होता. "हॉटेलच्या दारात आधी स्वयंपाक येतो का विचारलं, तर आत कोण जाईल?"

"तुम्ही शिका, मग बोला," मावशींनी त्याच्या हातात बाजा दिला.

"दुसऱ्याच्या तोंडातला?" सिस्टर किंचाळल्या आणि वॉर्डातून स्पिरिटची बाटली घेऊन आल्या. मग कुणी खेळण्यांच्या दुकानातून आणला, कुणी भाच्याचा उसना घेतला. दुपारची लाँड्री अशी घुमायला लागली, की वरच्या मजल्यावरचे रुग्ण विचारायला लागले, खाली लग्न आहे का?

धून ठरली पाळण्याची. चार ओळी, सोप्या. पण मावशी सही करताना ढिल्या पडत नव्हत्या. सिस्टरांना दोनदा परत पाठवलं. ड्रायव्हरने सायरनच्या सवयीने सूर लांबवले, त्याला तीनदा. लिफ्टवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी चारही ओळी सरळ वाजवल्या आणि कुणाला काही कळायच्या आत परत लिफ्टमध्ये जाऊन बसल्या. स्वयंपाकघरातले दादा पास झाले. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी बंबाने श्वास न तोडता धून संपवली आणि डोळे पुसले. म्हणे, वाफ गेली.

पाच झाले. सहावा होता रक्त तपासायला घेणारा, तयारीही पक्की होती. शेवटच्या दिवशी सकाळी तो आला तो सुजलेला गाल घेऊन. अक्कलदाढ काढली होती.

मावशी अर्धी रजा टाकून घरी आल्या. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिवणकाम चालू होतं.

"काय गं, तोंड का पडलंय?"

"एक कमी पडला."

"मी आहे की!" त्यांनी मशीन थांबवलं.

मावशी बघतच राहिल्या. अकरा वर्षं हा माणूस 'सुरू झाली तुझी फूं फूं' म्हणत आला होता.

"अहो, थट्टा नको. पोस्ट चारला बंद होतं."

"थट्टा कसली? रोज ऐकतोय. आण इकडे."

त्यांनी मिशा पुसल्या, बाजा ओठाला लावला आणि पहिली ओळ वाजवली. बरोबर! दुसरी, तीही बरोबर. तिसरी ओळ मात्र निघाली कुठे, गेली कुठे, तिचं तिलाच कळलं नसावं.

"पुन्हा वाजवा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही दोन ओळी सोन्यासारख्या आणि पुढे चिखल. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

"अगं, करून टाक सही. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

मावशींनी फॉर्म पुढे ओढला आणि पहिल्या रकान्यात लिहिलं, 'पाळण्याची धून, पहिल्या दोन ओळी'. मग खाली सही केली.

"हे असं जगजाहीर करणार माझं?"

"ऐकलं तेवढं लिहिलं."

"आणि त्यांनी नाही घेतलं तर?"

पाकिटाला डिंक लावताना मावशींचा हात थांबला. नाही घेतलं, तर कदाचित एकाने राहील. एकाने!

"नाही तर नाही," त्या म्हणाल्या आणि पायात चपला सरकवून पळत सुटल्या. पोस्टाच्या खिडकीचं दार अर्धं खाली आलं होतं. त्यांनी खालून हात घातला.

दोन महिने ना पत्र, ना काही. मावशींनी नव्या वर्गणीदारांसाठी श्वासाच्या व्यायामावर चार पानी पत्र लिहून धाडलं होतं, त्याचीही पोच नाही. मग एका दुपारी टपालवाल्याने लाँड्रीच्या टेबलावर सुतळीने बांधलेला गठ्ठा टाकला. सगळ्यांनी पत्ता लाँड्रीचाच दिला होता. सात अंक!

"निघाला! अंक निघाला!" बंबाने सुतळी दातांनीच तोडली. जो तो आपला अंक उघडून आपलं नाव शोधायला लागला. शेवटच्या पानावर मोठा चौकोन होता, 'नवे वर्गणीदार'. एकूण दोनशे दोन झाले होते. दोघे आणखी कुणीतरी कुठूनतरी आणले होते.

"मावशी, तुमच्या यजमानांचं बघा!" सिस्टर खो खो हसायला लागल्या. "पाळण्याची धून, पहिल्या दोन ओळी. आणि खाली संपादक लिहितात, उरलेल्या दोन ओळींची वाट पाहत आहोत!"

सगळी लाँड्री हसली. मावशी सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

"आणि तुमचं पत्र कुठाय हो?" ड्रायव्हरने पान उलटसुलट केलं.

चौकोनाखाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. कागद महागल्याने यापुढे पानं चोवीस. नव्या मंडळींच्या नावांसाठी 'वाचक लिहितात' हे पान बंद करत आहोत.

मावशींनी त्या वाचल्या. मग चौकोनातल्या शेवटच्या रकान्यावरून बोट वरून खाली नेलं. 'ऐकणारे' असं वर लिहिलं होतं आणि त्याखाली एकाखाली एक, सहा वेळा, त्यांचं नाव.

"नाहीये या वेळी," त्या म्हणाल्या. "बंब, तिसरी ओळ जरा वाजवा बघू. घरी जाऊन शिकवायची आहे."

बंब सरसावून बसला. मावशींनी नवऱ्याचा अंक टेबलावर उलगडला. टपालात त्याला मधोमध घडी पडली होती. त्यांनी इस्त्रीची आच कमी केली, पानांवर धुतलेला पातळ रुमाल पसरला, आणि शाई फिसकटू नये म्हणून अगदी हलक्या हाताने ती घडी मोडायला सुरुवात केली.