तपासणीचा फोल्डर

सन दोन हजार अकराच्या हिवाळ्यात माझा जन्म झाला. मी एक फोल्डर आहे. लिफ्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, तपासणीचा.

त्याआधी दार, मोटर, घंटा, सगळं एकाच फोल्डरात कोंबलेलं होतं. साधी फाइल शोधायची तर माणसं मेटाकुटीला येत. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ताईंनी ती खिचडी मोडली. प्रत्येक कामाला वेगळा पोटफोल्डर दिला. त्यात एक छोटी फाइल ठेवली. या फोल्डराला उभं राहायला बाकीचे कोण कोण लागतात, एवढंच ती सांगते. वरून हाक आली की आम्ही एकेक करून उभे राहतो आणि सॉफ्टवेअर तयार होतं. त्याला बिल्ड म्हणतात. मी शेवटी उठतो. चूक दिसली की सगळं थांबवतो.

म्हणून मी कोणाला आवडत नाही. न आवडेना. जागा आहे, काम आहे. आणखी काय हवं?

ताईंच्या शेजारी बसणाऱ्याला सगळे घाईबुवा म्हणत. तो एकदा म्हणाला, "ताई, हा तपासणीवाला फार वेळ खातो. उडवू या का?"

"आधी तुझी खुर्ची उडवते," ताई म्हणाल्या.

मी राहिलो. ते ऋण मी विसरलो नाही.

पुढे एका दवाखान्याच्या लिफ्टचं काम आलं. दारात हात आला तर तो ओळखणारी फाइल ताईंनी 'दार'मधून 'सामाईक' फोल्डरात हलवली. पण दाराच्या छोट्या फाइलीत 'आता सामाईकही लागतो' ही ओळ लिहायची राहून गेली. त्यांच्या संगणकावर 'दार'मध्ये त्या फाइलीची जुनी प्रत पडून होती, त्यामुळे तिथे सारं सुरळीत दिसलं. त्यात दवाखान्याचे फोनवर फोन.

"आज तपासणी राहू दे," ताई म्हणाल्या. "माझ्या हातचं काम आहे ते."

"वा! मला बोलणी, आणि तुम्हाला सूट?" घाईबुवा हसला. "जमायचं नाही."

त्याने जुनी प्रत नसलेल्या कोऱ्या संगणकावर बिल्ड लावला. मी उठलो. दारात खोटा हात धरला. दार मिटतच गेलं. मी सगळं थांबवलं.

ताईंनी स्क्रीन वाचली. चेहरा उतरला.

"अरे देवा! कोणाचा तरी हात गेला असता रे."

"गेला नाही ना? पाणी प्या आधी."

ताईंनी राहिलेली ओळ लिहिली. मी पुन्हा उठलो. हात धरला. दार उघडलं.

ऋण फिटलं.