नगरसेवकाचा जबाब

बद्रीनाथ बावीस वर्षं चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत होता. धाकटा भाऊ तिथंच विषारी वायूनं गेला. त्या मरणावरून बद्रीनाथनं कामगार उभे केले, संप लढवला, पुढारी झाला. नोकरी सुटल्यावर शहराच्या कडेला पडेगावात घर बांधलं. यंदा पक्षानं महापालिकेचं तिकीट दिलं.

मतदानाला चार दिवस उरले असताना शेजारच्या वसाहतीत ड्रेनेज तुंबलं. घाण पाणी घरांत शिरलं. बायका कडाडल्या, "आधी हे काढा, मग मतं मागा!"

असली कामं रोजंदारीवर करणाऱ्या आकाशला बद्रीनाथनं बोलावलं. आकाशनं चेंबर उघडलं तसा वास वर आला. बद्रीनाथ झटकन मागं सरला.

"आज उघडंच राहू दे, वायू निघून जाऊ दे," तो म्हणाला. " सकाळी मशीन मागवू."

"तवर घाणीत बसायचं का?" गर्दीतून आवाज आला.

कार्यकर्ता कानाशी लागला, "अप्पा, पाचला इथंच सभा हाय."

"उतरू का, अप्पा?" आकाशनं विचारलं.

बद्रीनाथनं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "उतर. लवकर ये."

आकाशला वर काढलं तेव्हा तो संपला होता.

ठाण्यात बद्रीनाथनं जबाब दिला : मी नको म्हणत होतो, तो आपणहून उतरला. वसाहतीत कुणी ते खोडलं नाही. तीनशे मतांनी तो निवडून आला.

गुलालानं माखून घरी आला, तर बायको सुरेखानं ओवाळलं नाही. "तुमच्या भावाच्या वक्ताला मॅनेजरनंबी हेच लिहून दिलं व्हतं," ती म्हणाली. "आपणहून आत गेला म्हणून."

दुसऱ्या दिवशी तो आकाशच्या आईकडं, मालनबाईकडं गेला. "मावशी, मीच उतर म्हणलो."

मालनबाईनं विचारलं, "पोलिसात सांगताल?"

दोघं ठाण्यात गेले. साहेबानं चहा मागवला. "अप्पा, आता तुम्ही नगरसेवक. मिटलेलं कशाला उकरता?"

बद्रीनाथला सुटल्यासारखं वाटलं. त्याची त्याला लाजही वाटली.

बाहेर येताच मालनबाई म्हणाली, "मंग कोर्टात चला."

"सोमवारी महापालिकेची पहिली सभा आहे. तेवढी होऊ दे, मावशी."

मालनबाई रिक्षा करून एकटीच वकिलाकडं गेली, आणि तक्रारीत पहिलं नाव बद्रीनाथचं घालायला सांगितलं.