बटाट्यांचा ताप

याद्विगाच्या पत्राला काझिमिर आदामाविचने अठरा दिवस उत्तर दिले नव्हते. मिन्स्कच्या प्रयोगशाळेत दोघांनी पंचवीस वर्षे उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या तपासल्या होत्या. आता ती खेड्यातून विचारत होती: लावरेन नावाचा वैदू आजाऱ्याच्या हाती लोखंडी दंड देतो. हातातले टोक गारठते, दुसरे तापते, रोग म्हणे तिथून जळून जातो. माझ्या बहिणीने, तेक्ल्याने, क्षयाच्या गोळ्या टाकून दिल्या आहेत. यात काही तथ्य आहे का?

उत्तर माहीत आहे असे काझिमिरला वाटत होते. पण नुसते वाटते म्हणून लिहायचे कसे? सात मसुदे चुलीत गेले.

मग लावरेनच त्याच्या गावी आला. सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. लावरेनने दंडाची मधली कडी फिरवली. खालच्या टोकावर हिमाचा पांढरा थर धरला, वरच्या टोकाला लावलेली मेणबत्ती वितळली. बायकांनी छातीवर क्रूस काढला. लावरेनचा कंठ दाटून आला. तो रोज याच वेळी दाटत असे.

दंड दिवसाला एकच रोग गिळतो, असे तो सांगे. मग त्याला तप घडवावे लागते: वरचे टोक स्नानघराच्या भट्टीत, खालचे बर्फाच्या बादलीत. शनिवारी घरोघरी स्नानघर तापतेच, तेव्हा या मानासाठी गावात चढाओढ लागली. भट्टी भक्तांची, सरपण भक्तांचे, चमत्कार तेवढा लावरेनचा.

बर्फाची बादली ऐकली आणि काझिमिरची शंका फिटली.

रविवारी सभागृहाच्या दाराशी लोकांचे कोट सांभाळणारी हान्ना पित्रोव्ना तपाहून उतरलेला दंड मिरवत आली. काझिमिर तिच्या कानाशी पुटपुटला, "माझं चुकतही असेल, पण आधी हा बटाट्यांवर लावून बघा ना. मधली कडी फिरवा."

"बटाट्यांना काय धाड भरलीय?"

"काही नाही. म्हणूनच."

गाडीभर सरपण जाळल्यामुळे हान्नाला दंडावर आपला हक्क वाटत होता. लावरेन धावेपर्यंत तिने तो भक्तांनी वाहिलेल्या बटाट्यांच्या पोत्यात खुपसून कडी फिरवली. बटाट्यांवर हिम धरले. वरचे टोक तापले.

"चला, बटाट्यांचा क्षय गेला," हान्ना म्हणाली.

लावरेन म्हणाला, बटाट्यांनाही नजर लागते. मग आता माझी कंबर बरी कर, म्हणून ती अडून बसली. दंड गजासारखा थंड पडून राहिला.

काझिमिरने बुटांकडे बघत सगळे सांगितले. एका टोकात अमोनिया, दुसऱ्यात त्याला शोषणारे क्षार. कडी फिरवून मधली वाट उघडली की अमोनिया उडतो आणि ते टोक गारठते. क्षार तो गिळतात आणि तापतात. पोट भरले की खेळ संपला. भट्टीत क्षार तापवले की अमोनिया सुटून बर्फाकडच्या टोकात परत साठतो. ते काम गावानेच केले होते.

घरी येऊन त्याने लिहिले, "याद्विगा, नळी खरी आहे, वैदू खोटा. ती उष्णता हलवते, क्षयाचे जंतू नाही. तेक्ल्याला उद्याच डॉक्टरांकडे ने, गोळ्या पुन्हा सुरू होऊ देत. जे बटाट्यावरही घडते, त्याला उपचार म्हणू नये. उशीर माझा झाला, क्षमा कर."

पुन्हा न वाचता त्याने पाकीट चिकटवले आणि पेटीत टाकले.