सरकवलेला खिळा

मी एक जुनी मापकाठी आहे. कापड मोजायची नव्हे, जमीन मोजायची नव्हे. मी मासे मोजायची काठी. सात फूट लांब, दोन बोटं रुंद, पिवळ्या सिडार लाकडाची. माझ्या अंगावर आकडे नाहीत. बुडाला पितळी टोपण आहे आणि अंगात दोन पितळी खिळे आहेत, बस्स. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना आमच्यासारख्या वस्तूंना बहुधा गहिवरून येतं. मलाही येतं, पण त्याआधी मला किळस येते. का, ते ऐका.

कोलंबिया नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे, दक्षिण तीरावर, फिनलंडहून आलेल्या मच्छीमारांची वस्ती होती. आर्वो केस्ती हा तिथला होड्या बांधणारा. थंडीत होड्या बांधायचा आणि हंगाम उघडला की स्वतःचं जाळं घेऊन नदीत उतरायचा. त्याची मुलगी आउने हिला सरकारी मासळी-तपासनीस म्हणून नोकरी लागली, तेव्हा त्याने एका होडीच्या उरलेल्या फळीतून मला घडवलं. रंधा मारला, काचेच्या तुकड्याने अंग खरवडून गुळगुळीत केलं आणि जवसाचं तेल तीन वेळा चोळलं. मग बुडापासून चार फुटांवर एक खिळा ठोकला, सहा फुटांवर दुसरा. लेकीच्या हातात देताना म्हणाला, "हे घे. सरकारी काठ्या पावसात वाकतात. ही वाकायची नाही."

खरंच, मी कधी वाकले नाही. वाकायची गरजच पडली नाही.

नदीच्या एका काठाला एक राज्य आणि दुसऱ्या काठाला दुसरं. दोन्हीकडचे अधिकारी एकत्र बसून जाळी कोणत्या दिवशी पाण्यात पडायची आणि किती तास राहायची, ते ठरवायचे. सॅमन मासा समुद्रातून वर येतो, एकदाच अंडी घालतो आणि मरतो. म्हणून त्याच्यासाठी दिवस आणि तास बांधलेले. स्टर्जन माशाचं तसं नाही. तो माणसाहून जास्त जगतो, नदीच्या तळाशी सावकाश वाढतो. त्याच्यासाठी माप बांधलेलं. चार फुटांच्या आतला स्टर्जन म्हणजे पोर, त्याला वाढू द्यायचं. सहा फुटांवरची म्हणजे आई, तिला अंडी घालू द्यायची. मधले तेवढे पकडायचे. कायदा एवढा साधा होता, आणि तो माझ्या दोन खिळ्यांवर उभा होता.

वेंडेल स्ट्रँड नावाच्या व्यापाऱ्याच्या धक्क्यावर सगळ्या होड्या माल उतरवायच्या. तिथेच, वजनकाट्याशेजारी, आउने मला घेऊन उभी असायची. मासा फळीवर आडवा घालायचा, माझं बूड त्याच्या नाकाला टेकवायचं आणि शेपटीची बेचकी कुठे येते ते बघायचं. चार फुटांच्या खिळ्याला शिवली नाही, तर मासा परत नदीत. स्टर्जन चिवट असतो. तासभर होडीत पडला तरी पाण्यात सोडल्यावर शेपटी हलवून निघून जातो. ते बघायला मला फार आवडायचं.

पहिल्याच वसंतात आर्वोचा मासा माझ्यापुढे आला. खिळ्याला बोटभर कमी.

"शेपूट जरा ताण की," आर्वो म्हणाला.

"ताणली, बाबा. नाही पोचत."

"अगं, वाऱ्याने आखडलाय तो."

"मग पाण्यात जाऊन सैल होऊ दे." असं म्हणून तिने मासा उचलला आणि धक्क्यावरून सोडून दिला.

धक्क्यावर हशा पिकला. "आर्वो, घरी जेवायला तरी मिळतं का रे, की तिथेही मोजूनच वाढते?" कुणीतरी ओरडलं. आर्वोही हसला. पण मी त्याच्या हातची होते. त्याचा हात मला ठाऊक होता. होडीचा दोर त्याने नेहमीसारखा सोडला नाही, हिसकून ओढला.

पुढची पाच-सहा वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. नदीच्या वरच्या अंगाचे लोकसुद्धा म्हणायचे, "केस्तीच्या पोरीच्या काठीशी वाद घालू नका." मला मान होता. आउने दर आठवड्याला किती मासे पास झाले आणि किती पोरं परत सोडली, याचा आकडा वर कळवायची. त्या आकड्यांवरून पुढच्या हंगामाचे दिवस ठरायचे. माझ्यासारख्या लाकडाच्या पट्टीच्या शब्दावर दोन राज्यं चालायची!

मग गाभोळीचा, म्हणजे मादीच्या पोटातल्या अंड्यांचा, भाव चढला. स्टर्जनच्या काळ्या गाभोळीला दूरच्या शहरांतली माणसं वेडी झाली. धक्क्यावरची बोलणी बदलली. पूर्वी माणसं विचारायची, मासा केवढा? आता विचारायची, मादी आहे का?

एका फेब्रुवारीत, भर दुपारी, वेंडेलने मला धक्क्यावरच्या खोपटातून काढलं, पोत्यात गुंडाळलं आणि आर्वोच्या होडीशाळेत नेलं. मला वाटलं, तेल लावायला नेतो आहे.

"दोन खिळे आहेत," वेंडेल म्हणाला. "एक जरा खाली, एक जरा वर. तुझ्याइतकं सफाईने दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

"पोरगी माझी आहे, वेंडेल."

"म्हणून तर म्हणतो. तुझा मासा तुझ्याच डोळ्यांदेखत नदीत फेकते. गाव आजही तो किस्सा सांगून हसतं. कालच मद्याच्या दुकानात ऐकला, तुझी नक्कल करून. आणि कुणाला कळणार आहे? मी काय बोट कापून दे म्हणतोय? दोन इंच, आर्वो!"

कॉफीचा पेला आर्वोच्या हातात तसाच निवला. मित्रांनो, मला वाटलं होतं की तो पेला वेंडेलच्या तोंडावर फेकेल. त्याने पेला बाजूला ठेवला आणि पक्कड उचलली.

चार फुटांचा खिळा दोन इंच खाली आला. सहा फुटांचा चार इंच वर गेला. जुन्या भोकांत त्याने मेण आणि झाडाचं डांबर मिसळून भरलं, वरून लाकडाचा भुगा चोळला. ज्या हाताने मला तेल पाजलं होतं, त्याच हाताने माझ्या अंगात खोटं भरलं. आणि तेही सुबक, डाग न ठेवता. काम झाल्यावर त्याने सवयीने अंगठा फिरवून बघितला. त्या अंगठ्याची मला आजही किळस येते.

त्या वसंतात आउनेने मला पुन्हा हातात घेतलं. तिला काही कळलं नाही. बापाने केलेली काठी तिने तपासावी कशाला? पोरं माझ्यापुढे यायची, शेपट्या खोट्या खिळ्याला शिवायच्या, आणि ती म्हणायची, "पास." मी काय करणार? काठीला तोंड नसतं.

एके दिवशी मोठी मादी आली. दोघांनी मिळून फळीवर घातली. पाठीवर हाडाच्या ढलप्या, तोंडाखाली चार मिशा, आणि डोळा अगदी शांत. आउने थबकली.

"ही सहाच्या वर आहे."

"काठी लाव ना," वेंडेल म्हणाला. "काठी काय म्हणते ते बघ. की आता डोळ्याने मोजायला लागलीस?"

तिने मला लावलं. शेपटीची बेचकी खिळ्याच्या अलीकडेच राहिली. आउने दोनदा वाकली, दोनदा बघितलं. तिचा डोळा खरा होता आणि मी खोटी होते. तिने माझंच ऐकलं.

"पास," ती हळू म्हणाली.

तिथेच, फळीवरच, मादीचं पोट चिरलं. बादलीभर काळी गाभोळी निघाली. वेंडेलने त्यात बोट बुडवलं, चोखलं, आणि दाण्यांची सालं पायाशी थुंकली. मादीच्या कल्ल्यांची हालचाल अजून थांबली नव्हती. माशाच्या मांसाशी वेंडेलला देणंघेणं नव्हतं. धड ढकलून बाजूला केलं, दुसरी आणा म्हणाला. तिचं रक्त माझ्या बुडाच्या टोपणात गेलं. धुऊन निघालं असेल. मला तसं वाटत नाही.

दोन वर्षं हे असं चाललं. परत सोडलेल्या पोरांचा आकडा घसरला. वरच्या अधिकाऱ्यांनी कागद बघून आनंदाने म्हटलं, पोरं मोठी झाली, मासा भरपूर वाढला! आणि बक्षीस म्हणून त्यांनी ऑगस्टचे आठ दिवस वाढवून दिले. नदी रिकामी होत होती आणि कागदावर भरत होती. याला काय म्हणायचं?

पण त्या ऑगस्टनेच सगळं उघडं पाडलं. त्या वर्षी ऊन असं पडलं की धक्क्याच्या फळ्यांतून डांबर पाझरलं. मी दिवसभर उन्हात होते. दुपारी आउनेने मला उचललं आणि तिचा अंगठा चिकटला. तिने बघितलं, खिळ्याच्या दोन इंच वर एक काळा थेंब फुगून आला होता. तिने नखाने टोकरलं. आत भोक निघालं. तिने थेंब बोटावर घेतला, नाकाशी नेला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मेण आणि डांबर. तो वास तिच्या बापाच्या प्रत्येक होडीला होता.

तिने पोलादी फीत आणून मला मोजलं. मग मला खांद्यावर टाकून ती तडक होडीशाळेत गेली.

आर्वो फळीला रंधा मारत होता. तिने मला त्याच्यापुढे आडवं ठेवलं.

"बाबा, हे काय आहे?"

त्याने रंधा थांबवला नाही. "दोन इंच, आउने. दोनच इंच."

"वरचे चार धरून सहा."

"सगळेच काही ना काही करतात."

"सगळ्यांनी मला काठी करून दिली नव्हती. तुम्ही दिली." तिने खिळ्यावर बोट ठेवलं. "दोन वर्षं मी त्या धक्क्यावर उभी राहून खोटं बोलतेय, बाबा. रोज. तुमच्या हाताने."

"तू मला गावापुढे हसं केलंस."

"म्हणून नदी मारली?"

रंधा थांबला. आउने मला उचलून निघून गेली.

आठवड्याने शाळेच्या दालनात सुनावणी होती. पुढच्या वर्षीचे दिवस ठरायचे होते. अधिकारी मेजामागे, मच्छीमार बाकांवर. वेंडेल उठून म्हणाला, "मासा वाढलाय हे तुमचेच कागद सांगतात. अजून दहा दिवस द्या." टाळ्या पडल्या. मग आउने उठली. तिने मला मेजावर ठेवलं, शेजारी पोलादी फीत पसरली.

"हे कागद माझे आहेत, आणि ते खोटे आहेत," ती म्हणाली. "खिळे सरकवलेले आहेत. दोन वर्षं आपण पोरं आणि आया मारतोय."

दालनात गलका झाला. "दोन वर्षं झोपली होतीस का?" "आमच्या ताटात माती कालवायला आलीस!" एका अधिकाऱ्याने विचारलं, "कुणी सरकवले?"

आउने खाली बघत उभी राहिली. तेव्हा शेवटच्या बाकावरून आर्वो उठला. टोपी हातात होती.

"मी," तो म्हणाला. "काठी माझी, हात माझा. वेंडेलने आणून दिली, पण पक्कड मी उचलली. पोरीला ठाऊक नव्हतं. तिला बोलू नका."

ऑगस्टचे दिवस रद्द झाले आणि स्टर्जनचा हंगाम दोन वर्षं बंद राहिला. आर्वोचा परवाना गेला. आउनेची नोकरीही गेली, कारण तिने आपलं माप तपासलं नव्हतं. ते तिने मान्य केलं आणि वाद घातला नाही. वेंडेलविरुद्ध पुरावा सापडला नाही. एका म्हाताऱ्याचा शब्द, एवढंच. तो सॅमनच्या हंगामात पुन्हा त्याच काट्याशी उभा राहून लोकांना पेढे वाटल्यासारखं हसत होता. बाप-लेक वर्षभर बोलले नाहीत. नंतर एका रविवारी तिने त्याच्या दारात पाव नेऊन ठेवला आणि तो आत ये म्हणाला, असं मी ऐकलं. मी तेव्हा पुरावा म्हणून अंगावर चिठ्ठी बांधून एका कपाटात पडले होते.

तिथे मी अठरा वर्षं होते. मग कुणीतरी मला नदीकाठच्या एका छोट्या संग्रहालयात दिलं. आता मी मखमलीवर आहे. खाली पाटी आहे: "जुन्या मच्छीमारांच्या कारागिरीचा सुंदर नमुना." लोक येतात, माझे खिळे बघतात, म्हणतात, काय सफाई आहे! मला ओकारी येते.

मागच्या वर्षी आउने आली. केस पांढरे झाले होते. तिने घरून नीट लिहून आणलेला कागद तिथल्या बाईंपुढे ठेवला.

"पाटी बदला. खरं काय झालं ते लिहिलंय यात. नाव माझ्या वडिलांचं आहे, मी मुलगी आहे. माझी हरकत नाही."

बाई नम्र होत्या. "लोक इथे सुट्टीत येतात हो. त्यांना वाईट वाटेल असं..."

"वाटू दे की."

"पुढच्या बैठकीत ठेवते."

"निदान खिळे तरी जागेवर बसवा."

"छे, मूळ वस्तूला हात लावता येत नाही."

आउने हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. तिने काचेला बोट लावलं आणि ती गेली. पाटी अजून तीच आहे.

म्हणून, मित्रांनो, माझी निगा राखा असं मी तुम्हाला म्हणत नाही. माझी निगा फार राखली जाते. दर महिन्याला मला मऊ फडक्याने पुसतात. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही ज्या मापावर विसंबता, ते करून देणारा कितीही जवळचा असो, वर्षातून एकदा ते दुसऱ्या मापाशी लावून बघा. त्यात त्याचा अपमान नाही. आर्वोला कुणी असं तपासणार आहे हे माहीत असतं, तर कदाचित त्याने तो पेला वेंडेलच्या तोंडावर फेकला असता.

इथल्या खिडकीतून नदी दिसते. सव्वासहा फुटांची, माझ्या खोट्या खिळ्याच्या अलीकडेच राहील अशी एखादी आई आत्ता तळाच्या चिखलात मिशा टेकत वर निघाली असेल, पोटात गाभोळी घेऊन. तिला माझ्यापासून लांब ठेवा.