‘जी’ची काडी

प्रयोगशाळेत मला सगळे फुगेवाला म्हणतात. बारा वर्षं मी चरबीचे फुगेच करतो, तर दुसरं काय म्हणणार? डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान, पेशीच्या आवरणाची नक्कल करणारे फुगे. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेली चरबी चंबूत घ्यायची, पार सुकवायची, पाणी घालून हलवायची आणि बारीक छिद्रांच्या पडद्यातून अकरा वेळा दाबून काढायची. अकरा म्हणजे अकरा. दहावर थांबणाऱ्यांशी मी भांडलेलो आहे.

माझ्या फुग्यांवर मोजपट्टी काम करायची. हे तिचं टोपणनाव, कारण ती चहात साखरसुद्धा मोजून घालते. तिचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा, मोठं मानी होतं. साध्या पाण्यात ते फुग्याच्या अंगाला नुसतं टेकून राहायचं. पाणी आंबट झालं की सरळ आवरणात घुसायचं. कर्करोगाच्या गाठीभोवती आंबटपणा जास्त असतो, म्हणून पुढेमागे औषध नेमकं तिथे पोचवता येईल अशी आशा होती. ते किती आंबटपणाला घुसतं, हा एक आकडा तिला पक्का करायचा होता. तिची नोकरी पुढे चालू राहणार की नाही, ते त्या आकड्यावर होतं.

आकडा जुन्या नोंदींशी जुळेना. पेप्टाइड हटून बसलेलं. आधीपेक्षा बरंच जास्त आम्ल घातल्याशिवाय आत जाईना. तिनं पाच वेळा मोजलं. पाचही वेळा फुगे माझेच होते.

आमच्या प्रमुख बाई सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, "तुमचा हात अजून बसलेला नाही. फुग्यांत चूक असणं शक्यच नाही."

मी खाली मान घालून बसलो होतो. खरं सांगतो, तेव्हा मला छान वाटलं.

मग एका मंगळवारी मी फ्रीझर आवरायला काढला. मोठ्या बाटलीतली चरबी छोट्या बाटल्यांत मीच भरतो आणि झाकणावर मार्करनं एकच इंग्रजी अक्षर लिहितो, सी किंवा जी. नावं एवढ्याच फरकाची, पण माल निराळा. सीवर एकूण विद्युतभार नसतो, जीवर ऋणभार असतो. पेप्टाइडवरही ऋणभारच, म्हणजे ती दोघं एकमेकांना लांबच ठेवणार. माझ्या वहीप्रमाणे जीच्या तीन बाटल्या हव्या होत्या. दोनच सापडल्या, आणि सीची एक जास्त निघाली. तिचं झाकण उजेडात धरलं. क्लोरोफॉर्मचा थेंब ओघळून जीची आडवी काडी पुसली गेली होती. उरला होता तो झकास सी, आणि मोजपट्टीचे सीचे म्हणून दिलेले फुगे मी याच बाटलीतून केले होते.

सगळे जेवायला गेल्यावर मी खऱ्या सीचे फुगे केले आणि स्वतः मोजून पाहिलं. जुना आकडा तंतोतंत आला.

मोजपट्टीला ठेवायचं की नाही ते ठरवणारी कमिटी पुढच्या सोमवारी होती. बुधवारी सांगतो म्हटलं, गुरुवारी बाई घाईत होत्या, शुक्रवारी मीच घाईत असल्याचं सोंग केलं. बारा वर्षांची अब्रू होती ना! सोमवारी मोजपट्टी कमिटीसमोर स्वतःच म्हणाली, "चूक माझ्याच हातून होत असणार." तिची जागा दुसऱ्याला दिली. माझी मला किळस आली, पण किळस येऊनही तोंड उघडलं नाही.

गुरुवारी ती टेबल आवरत होती. मी जाऊन उभा राहिलो.

"एक मिनिट आहे का?"

"आता काय, मिनिटंच मिनिटं आहेत," ती हसली.

मी सांगून टाकलं. बाटली, झाकण, पुसलेली काडी, ऋणभार. ती स्टुलावर बसली.

"म्हणजे मी बरोबर मोजत होते?"

"पाचही वेळा."

"अरे देवा! आणि मी घरी पाण्याचे थेंब मोजत बसायचे, हात कापतो का ते बघायला." तिचे डोळे भरून आले, पण चेहरा उजळला होता. मग तिनं सहज विचारलं, "तुला कधी कळलं रे?"

नऊ दिवस झाले होते. त्या प्रश्नात संशय असता, तर कदाचित मी खरं बोललो असतो.

"काल," मी म्हणालो.

"काल ना? मग तू तरी काय करणार होतास? सोमवारीच सगळं उरकलं." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. दुसरा कुणी असता तर बोललाच नसता."

तिचं खोकं जड होतं, म्हणून मी उचललं. जिन्यात भेटेल त्याला ती थांबवून सांगत होती, "माझी चूक नव्हती बरं का. आणि हा बघा, कळल्याबरोबर स्वतःहून सांगायला आला." मी खोकं घेऊन तिच्या मागून उतरत राहिलो.